नवाचा ताळा

बेरीज करणे आणि बेरीज तपासणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, हे आम्हांला प्रथम आमच्या आजोबांनी शिकविले. आजोबा गावच्या सहकारी सोसायटीचे सचिव होते. संध्याकाळी रोजकीर्द पुढे ओढून ते बसत आणि आकड्यांची उतरंड वरून खाली येऊन पोचली, तरी तिला लगेच मान्यता देत नसत. "आता ताळा पाहू," असे म्हणून पेन्सिलीचे टोक जिभेला लावीत. ताळा म्हणजे नवाचा ताळा. प्रत्येक रकमेतील अंक मिळवायचे, नऊ झाले की टाकून द्यायचे, आणि उरलेला अंक एकुणाच्या अंकाशी जुळतो की नाही ते पाहायचे. सत्तावीस, पंचेचाळीस आणि अडतीस मिळून ११०. २७ आणि ४५ यांचे नऊ-नऊ जाऊन बाकी शून्य. ३८ चे अकरा, अकराचे दोन. इकडे ११० चेही दोन. जमला ताळा!

आम्हांला या जादूचे मोठे कौतुक वाटे. पण आजोबा त्या कौतुकावर विरजण घालीत. "ताळा चुकला तर बेरीज नक्की चुकली असे समज," ते म्हणत, "पण ताळा जमला म्हणून बेरीज बरोबर आली असे मात्र समजू नकोस." आणि ११० च्या जागी १०१ लिहून ते दाखवीत, की ताळा जसाच्या तसा जमतो आणि नऊ रुपये मात्र गेलेले असतात. ताळा जमल्यावरही ते एकदा मूळ पावत्या काढून रकमा ताडून पाहत. हा म्हाताऱ्या माणसाचा संशयी स्वभाव आहे, अशी आमची तेव्हा समजूत होती.

पुढे पदवी घेतली, परीक्षा दिली, केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून झालो आणि महाराष्ट्राबाहेर, नर्मदेच्या काठच्या एका जिल्ह्याच्या शहरी येऊन पडलो. बेरजा करणे हा आता आमचा चरितार्थ आहे. आणि म्हणूनच की काय, २०२३ च्या नोव्हेंबरात मध्य प्रदेश विधानसभेच्या निवडणुकीसाठी जो कागद आमच्या टेबलावर येऊन पडला, त्यात आमची नेमणूक मतमोजणीच्या टेबलावरील सूक्ष्म निरीक्षक म्हणून झालेली होती. आमच्या वाचकांपैकी निम्म्या मंडळींनी तरी ही कामगिरी केलेली असेल, तेव्हा तिचे फार वर्णन करीत नाही. मोजणीचे पर्यवेक्षक आणि साहाय्यक राज्य शासनाचे. त्यांच्या शेजारी एक माणूस केंद्र सरकारचा बसवितात. त्याने यंत्राच्या पडद्यावर दिसणारे आकडे आपल्या कागदावर स्वतंत्रपणे उतरवून घ्यायचे आणि ते निरीक्षकांकडे पोचते करायचे. पर्यवेक्षकाच्या कागदाकडे त्याने पाहू नये, एवढेच त्याचे कौशल्य. थोडक्यात, आम्ही त्या टेबलावरचे ताळा होतो.

३ डिसेंबर २०२३ हा रविवार होता. आमच्या महाराष्ट्र मंडळात त्या दिवशी बालनाट्य होते आणि त्यात आमच्या कन्येला झाडाची भूमिका मिळालेली होती. त्यामुळे पहाटे साडेपाचला आम्ही घराबाहेर पडलो तेव्हा सौभाग्यवतींनी लोकशाहीविषयी काढलेले उद्गार येथे देणे उचित होणार नाही. भ्रमणध्वनी दारातच काढून घेतला गेला. आत एका लांब दालनात चौदा टेबले, टेबलांपुढे लोखंडी जाळी, आणि जाळीपलीकडे उमेदवारांचे मोजणी-प्रतिनिधी दाटीवाटीने बसलेले. आठ वाजता टपाली मते सुरू झाली, साडेआठला यंत्रे. एकेक नियंत्रणयंत्र टेबलावर येई. पर्यवेक्षक त्याचा क्रमांक वाचून दाखवीत, मोहोरा आणि कागदी सील जाळीपलीकडच्यांना दाखवीत, मग बटण दाबून एकूण मते, आणि त्यानंतर उमेदवारवार मते. पहिल्या तीन-चार फेऱ्या हे सारे इतके सुरळीत चालले, की आम्हांला झापड येऊ लागली.

कोणती तरी सातवी-आठवी फेरी असेल. यंत्र आले, मोहोरा शाबूत, क्रमांक बरोबर. पर्यवेक्षकांनी एकूण मतांचे बटण दाबले. पडद्यावर ६६२ आले. ते आकडे आमच्या कागदावर उतरतात न उतरतात तोच जाळीपलीकडून एक पोरगेला प्रतिनिधी उभा राहून ओरडला, "इसमें तो पचास ज़्यादा हैं!" त्याच्या हातात घामाने मऊ झालेला एक कागद होता. त्यावर लिहिले होते ६१२.

तो कागद म्हणजे नमुना १७ सी. आमचे मत विचाराल तर आपल्या साऱ्या निवडणुकीत याहून मोलाचा कागद नाही, आणि याहून उपेक्षितही नाही. मतदान संपताच केंद्राध्यक्षाने यंत्रात किती मते पडली त्याचा हिशेब या नमुन्यावर लिहायचा आणि हजर असलेल्या प्रत्येक मतदान-प्रतिनिधीला त्याची खरी प्रत द्यायची, असा १९६१ च्या नियमांचा आदेश आहे. यंत्राचा क्रमांक, सीलांचे क्रमांक, नोंदवहीप्रमाणे किती मतदार आले, यंत्रात किती मते पडली, सारे त्यावर असते. पुढे यंत्र कोणत्या खोलीत ठेवले, कोणाच्या पहाऱ्यात ठेवले, हे त्या प्रतिनिधीला पाहता आले नाही, तरी त्याच्या खिशातला आकडा कोणाला बदलता येत नाही. गावातील अल्पशिक्षित तरुणाच्या खिशात असलेली ही एक घडी यंत्रावरील खरी पाळत होय. कुलपे आणि बंदूकधारी शिपाई तिच्या मागून येतात.

दालनात गलका झाला. निवडणूक निर्णय अधिकारी आले, निरीक्षक आले. केंद्राध्यक्षांच्या कागदांचे पाकीट उघडण्यात आले आणि पाच मिनिटांत उलगडा झाला. मतदानापूर्वी दीड तास, प्रतिनिधींच्या देखत, यंत्रावर किमान पन्नास लटकी मते देऊन पाहतात. त्याला अभिरूप मतदान असे भारदस्त नाव आहे. यंत्र दाबल्या बटणाचीच मते दाखविते ना, याची ती परीक्षा. परीक्षा झाली की ती मते पुसून टाकायची, चिठ्ठ्या काढून निराळ्या पाकिटात बंद करायच्या आणि मग खरे मतदान सुरू करायचे. त्या केंद्राध्यक्षांनी चिठ्ठ्या काढल्या, पाकीट बंद केले, प्रमाणपत्रावर सह्या घेतल्या. बटण तेवढे दाबायचे राहिले. पन्नास लटकी आणि ६१२ खरी मते एकाच पोटात जमा झाली. आदल्या रात्री शाळेच्या बाकावर निजलेल्या, पहाटे चारला उठलेल्या त्या अनोळखी माणसाविषयी आम्हांला राग आला नाही. तीस बिले तपासून एकतिसाव्यावर सही करायची राहून गेल्याचा अनुभव आम्हांलाही आहे.

अशा यंत्राचे काय करायचे याविषयी आयोगाच्या तेव्हा सूचना होत्या. ते बाजूला ठेवीत. शेवटी पहिल्या दोन उमेदवारांतील फरक त्या केंद्रात पडलेल्या मतांहून कमी असला, तर कागदी चिठ्ठ्या मोजीत. फरक जास्त असला तर मोजण्याचे कारण राहत नसे. यंत्र बाजूला ठेवले गेले. आम्ही आमच्या कागदावर तशी नोंद केली. पाकिटावरचे गावाचे नाव आम्हांला ओळखीचे वाटले, पण तेव्हा ते का, हे आठवेना.

संध्याकाळी सर्व फेऱ्या संपल्यावर पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या काढण्यात आल्या. ८ एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिल्यापासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघात अशी पाच केंद्रे सोडतीने निवडून तेथील कागदी चिठ्ठ्यांची मोजदाद यंत्राच्या आकड्याशी ताडून पाहतात. त्यापूर्वी एकच पाहत. पांढऱ्या कार्डांवर केंद्रांचे क्रमांक घालून, चार घड्या करून, ती कार्डे एका डब्यात घालून हलविली गेली, आणि एकेका प्रतिनिधीच्या डोळ्यांदेखत पाच उचलली गेली. ही सोडत पाहताना आम्हांला आमच्या मंडळाच्या भिशीची आठवण झाली. तेथेही डबा हलविण्यावरून असेच वाद होतात.

चिठ्ठ्यांची मोजणी बँकेतील रोखपालाच्या पिंजऱ्यासारख्या जाळीच्या खोलीत चालते. त्या खोलीत आम्ही रात्री साडेअकरापर्यंत होतो. मत देताना काचेआड सात सेकंद दिसून खाली पडणारी ती चिमुकली चिठ्ठी. तीवर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह. ती चिन्हाप्रमाणे कप्प्यांत टाकायची आणि पंचवीस-पंचवीसच्या गड्ड्या बांधायच्या. यंत्रयुगात जन्मलेल्या आम्हांला त्या कागदांच्या ढिगाऱ्याचे एक विलक्षण समाधान वाटले. यंत्र सांगते ते मान्य करावे लागते. कागद मात्र डोळ्यांना दिसतो, बोटांना कळतो. चौथ्या केंद्राला एका उमेदवाराची एक चिठ्ठी कमी भरली. जाळीपलीकडे पुन्हा हालचाल. सगळ्या गड्ड्या सोडून पुन्हा मोजल्या, तेव्हा एका गड्डीत सव्वीस निघाल्या. एक चिठ्ठी दुसरीला चिकटून बसली होती. यंत्र खरे ठरले, आम्ही माणसे खोटी ठरलो. पण तसे झाले नसते आणि कागद व यंत्र यांचे अखेरपर्यंत जमलेच नसते, तर नियम कागदाचे ऐका असे सांगतो, आणि हे ज्याने लिहिले त्याला आमच्या आजोबांनी शाबासकी दिली असती.

त्या रात्री झोप आली नाही म्हणून आम्ही एक गणित करीत पडलो होतो. समजा, मतदारसंघात २५० केंद्रे आहेत आणि त्यांपैकी १० यंत्रांत काही बिघाड किंवा लबाडी आहे. सोडतीतल्या पाच कार्डांत त्या दहांपैकी एकही न येण्याचा संभव शंभरांत ८१ इतका निघतो. म्हणजे ताळा बहुधा जमेल आणि नऊ रुपये जातील. तेच १२५ यंत्रे बिघडलेली असतील, तर सारी निसटण्याचा संभव शंभरांत अवघा ३. महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत २८८ मतदारसंघांतून १४४० केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजण्यात आल्या आणि कोठेही तफावत आढळली नाही, असे निवडणूक अधिकाऱ्यांनी जाहीर केले. सोडत प्रामाणिक होती असे धरले, तर राज्यभर एकाच हाताने मोठी फिरवाफिरव झाल्याची शंका या आकड्यापुढे टिकत नाही, असे आम्हांला वाटते; आणि हे आम्ही कोणा पक्षाच्या बाजूने म्हणत नाही, गणिताच्या बाजूने म्हणत आहो. पण एखाद्या मतदारसंघात निकाल दोनशे मतांनी लागला असेल, तर तेथील हरलेल्याला पाच केंद्रांचा ताळा पुरेसे उत्तर देत नाही. जेथे फरक थोडा तेथे तपासणी मोठी हवी.

ही काही आमची प्रज्ञा नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील फिलिप स्टार्क नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने हीच गोष्ट रीतसर सिद्धांत मांडून सांगितली, आणि कोलोरॅडो राज्याने २०१७ पासून ती राज्यभर अमलात आणली. तेथे मतपत्रिका यादृच्छिक रीतीने उचलून यंत्राच्या नोंदीशी ताडून पाहतात. फरक मोठा असेल तर थोड्या पुरतात, लहान असेल तर अधिक. आणि खात्री पटेना तर शेवटी साऱ्या हाताने मोजतात. कोणत्या मतपत्रिका उचलायच्या ते ठरविण्यासाठी दहा बाजूंचे वीस फासे चारचौघांत, सर्वांदेखत टाकले जातात. शकुनीपासून आपण फाशांचा संबंध कपटाशीच जोडीत आलो. तेच फासे कोठे तरी प्रामाणिकपणाची हमी देत आहेत, ही वार्ता वाचून आम्हांला मौज वाटली.

मात्र या विषयावरील जो निकाल वाचून आम्ही खरोखर थबकलो तो जर्मनीतला. तेथे २००५ च्या निवडणुकीत काही ठिकाणी हॉलंडमध्ये बनलेली मतदानयंत्रे वापरली होती. एका पितापुत्रांनी त्याविरुद्ध घटनात्मक न्यायालयात धाव घेतली. ३ मार्च २००९ रोजी न्यायालयाने ती यंत्रे घटनेशी विसंगत ठरविली. त्यांत लबाडी झाली असे न्यायालयाने म्हटले नाही. म्हणून तर ती निवडणूकही त्याने रद्द केली नाही. त्याचे म्हणणे एवढेच, की निवडणुकीतील महत्त्वाचे टप्पे आणि निकालाची निश्चिती सामान्य नागरिकाला विशेष तांत्रिक ज्ञानावाचून तपासता आली पाहिजेत. तज्ज्ञाने तपासले आणि नागरिकाला "ठीक आहे" म्हणून कळविले, हे तेथे पुरेसे झाले नाही.

आपल्याकडे २६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली; पण दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने सात दिवसांत लेखी मागितल्यास विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांच्या अंतरंगाची उत्पादक कंपनीच्या अभियंत्यांकडून तपासणी करून घेता येईल, अशी वाट उघडली. खर्च उमेदवाराने द्यायचा. लबाडी आढळली तर परत मिळायचा. वाट चांगली आहे. पण तीवरून चालण्याचा परवाना मतदाराला नाही. अभियंता आत काय पाहतो ते कळण्याइतके ज्ञान दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारालाही नसावे, ही शंका आम्ही नम्रपणे नोंदवून ठेवतो. शिवाय २० डिसेंबर २०२४ रोजी नियमांत दुरुस्ती होऊन निवडणुकीचे जे कागद कोणालाही पाहता येत, त्यांची व्याप्ती नियमांत नमूद असलेल्या कागदांपुरती करण्यात आली. मतदान केंद्रातील चित्रणे त्यामुळे सामान्य माणसाच्या कक्षेबाहेर गेली. कारकुनाच्या अनुभवाने सांगतो, की दाखविण्यासारखे असूनही जे दाखविले जात नाही त्याच्याविषयी अधिक कुजबुज होते.

आणि यंत्रापेक्षा कागदावरचा माणूस अधिक चुकतो, हेही खरे. हरियाणात पानिपत जिल्ह्यातील बुआना लाखू गावी नोव्हेंबर २०२२ मध्ये सरपंचपदाची निवडणूक झाली. एका केंद्रावर दोन उमेदवारांची मते उतरविताना याची त्याला आणि त्याची याला लिहिली गेली. एकूण बेरीज अर्थात बिनचूक! नवाचा ताळा लावला असता तर तोही जमला असता. हरलेल्याने हट्ट सोडला नाही. अखेर सर्वोच्च न्यायालयाने यंत्रेच दिल्लीस मागवून आपल्या आवारात पुन्हा मोजून घेतली. १०५१ विरुद्ध १००० असा निकाल फिरला आणि ११ ऑगस्ट २०२५ रोजी खरा सरपंच ठरला. तोवर पाऊणेतीन वर्षे दुसराच गावकारभार पाहत होता. मूळ पावत्या काढून पाहण्याची आजोबांची खोड ती हीच.

पण आम्ही सांगत होतो ती हकीकत अद्याप पुरी झालेली नाही.

मोजणीनंतरच्या सोमवारी आम्ही तांबारलेल्या डोळ्यांनी कार्यालयात गेलो. आमच्या शाखेत निवृत्तीला आलेले एक शिपाई आहेत. त्यांना सारे दद्दा म्हणतात. पाण्याचा पेला टेबलावर ठेवीत त्यांनी विचारले, "बाबूजी, हमारे गाँव का क्या निकला?" आणि आदल्या दिवशी पाकिटावरचे नाव ओळखीचे का वाटले होते, ते आम्हांला एकदम उमगले. दद्दा दिवाळीला गावी गेले होते. १२ नोव्हेंबरला दिवाळी, १७ ला मतदान; मधले दिवस रजा वाढवून ते मतासाठी थांबले. ती रजा आम्हीच साहेबांपुढे मांडली होती. परत आल्यावर त्यांनी आम्हांला कौतुकाने सांगितले होते, की काचेत आपली चिठ्ठी दिसली आणि ती पडेपर्यंत त्यांनी मनात सात आकडे मोजले.

निकालात फरक सहा हजारांच्या वर गेला होता. त्यांच्या गावची ६१२ मते कोणी मोजली नव्हती. आम्ही म्हणालो, "सब ठीक रहा, दद्दा."

असे का म्हणालो? मोजणीच्या गुप्ततेची शपथ घेतली होती, हे कारण आम्ही मनाशी पुढे केले. पण ती शपथ कोणी कोणाला मत दिले ते न सांगण्याची. यंत्र बाजूला ठेवले गेले ते भर दालनात, साऱ्या पक्षांच्या प्रतिनिधींसमोर. खरे कारण एवढेच, की पाण्याचा पेला हातात असलेल्या माणसाला हे सांगणे आम्हांला जड गेले, आणि निकाल काही बदलणार नव्हता.

जानेवारीच्या अखेरीस एक दिवस दद्दांनी पुन्हा तोच विषय काढला. गावात कोणी तरी म्हणत होते, की आपली पेटी उघडलीच नाही. आम्ही मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावरून नमुना २० काढला. मतदारसंघाचा केंद्रवार निकाल या तक्त्यात असतो. तो कोणालाही पाहता येतो आणि, आमच्या अनुभवाप्रमाणे, कोणीही पाहत नाही. दद्दांच्या केंद्राच्या ओळीत उमेदवारांच्या नावांखाली आकडे नव्हते.

"तो हमारा वोट गिना ही नहीं गया?"

आम्ही त्यांना सारे सांगितले. पन्नास लटकी मते, विसरलेले बटण, सहा हजारांचा फरक. साऱ्या ६१२ जणांनी हरलेल्यालाच मत दिले असते, तरी निकाल तोच राहिला असता, हेही कागदावर वजाबाकी करून दाखविले. दद्दांनी वजाबाकी नीट ऐकून घेतली. मग ते म्हणाले, "बाबूजी, शाखेच्या पगाराच्या बिलातून माझे एकट्याचे नाव राहिले, तर एकूण रकमेत कितीसा फरक पडेल?"

पगाराची बिले आम्हीच करतो. आम्ही काही बोललो नाही.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, की याविषयी कोठे दाद मागता येते का. येते. निवडणूक अर्ज उच्च न्यायालयात उमेदवारानेच करावा असे नाही. त्या मतदारसंघातील कोणाही मतदाराला तो करता येतो. मुदत निकालापासून ४५ दिवसांची. ती १७ जानेवारीला संपली होती. अर्ज केला असता तरी टिकला नसता. निकालावर परिणाम झाल्याचे दाखवावे लागते, आणि वकिलाचा खर्च दद्दांच्या वर्षभराच्या पगाराला पुरून उरला असता. पण तो करायचा की नाही हे ठरविण्याचा अधिकार त्यांचा होता, आणि "सब ठीक रहा" म्हणून आम्ही तो त्यांच्या वतीने परस्पर वापरून टाकला होता. हेही आम्ही त्यांना सांगितले. सांगताना आमचे लक्ष पेल्याकडे होते.

दद्दा रागावले असते तर बरे झाले असते. त्यांनी फक्त एवढेच म्हटले, की हे लेखी हवे. तेव्हा आम्ही माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून दिला. केंद्र सरकारच्या कारकुनाने असा अर्ज लिहून द्यावा की नाही, याविषयी आचारनियमांची पुस्तिका आम्ही दोनदा चाळली. अर्ज नागरिकाचा, अक्षर आमचे, अशी तोड काढली. दहा रुपये शुल्क दद्दांनी स्वतः भरले. महिनाभरात उत्तर आले. मोजके, सभ्य, बिनचूक: सदर केंद्राची मते अमुक सूचनेनुसार मोजणीत घेण्यात आली नाहीत. दद्दांनी ते पत्र आपल्या सेवापुस्तकाच्या प्रतीबरोबर ठेवले.

३ डिसेंबर २०२४ रोजी, म्हणजे आमच्या मोजणीला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी, सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी मतपत्रिकांवर आपल्यापुरते पुन्हा मतदान करून पाहण्याचा घाट घातला होता. प्रशासनाने जमावबंदी केली आणि तो बेत सोडावा लागला. गंमत अशी, की ज्या उमेदवाराच्या समर्थकांनी हा उद्योग मांडला तो मतदारसंघात निवडून आलेलाच होता; गावातील आकडा तेवढा त्यांना पटत नव्हता. दुसऱ्यांदा दिलेले मत हा पहिल्या मताचा ताळा होऊ शकत नाही, हे आम्हांला कळते. केरळात परूर येथे मे १९८२ मध्ये ५० केंद्रांवर यंत्रे प्रथम आली. निकाल १२३ मतांनी लागला. कायद्यात यंत्राची तरतूदच नव्हती म्हणून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या ५० केंद्रांवर मतपत्रिकांनी फेरमतदान घ्यायला लावले, तेव्हा हरलेला जिंकला. त्यातून यंत्र खोटे होते की दोन वर्षांत माणसांची मने फिरली, हे कोणी कसे सांगावे? हे सारे आम्ही मारकडवाडीची बातमी वाचून दाखविताना दद्दांना ऐकविले. त्यांनी विचारले, "त्या लोकांना त्यांच्या केंद्राच्या चिठ्ठ्या कोणी मोजून दाखविल्या का?" केंद्र सोडतीत आले तरच मोजतात, असे आम्ही सांगितले.

दद्दांनी स्वतः मात्र तोवर दुसरीच तजवीज केलेली होती. लोकसभेसाठी त्यांच्या गावी २६ एप्रिल २०२४ ला, वर सांगितलेला निकाल दिल्लीत लागला त्याच दिवशी, मतदान झाले. सरकारी नोकराला प्रतिनिधी होता येत नाही, म्हणून त्यांनी आपल्या पुतण्याला एका उमेदवाराचा मतदान-प्रतिनिधी म्हणून बसविले. कोणत्या, ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. सोमवारी त्यांनी नमुना १७ सी ची प्रत आमच्या टेबलावर ठेवली आणि बेरीज पाहायला सांगितले. पुतण्याने अभिरूप मतदानानंतर यंत्रावर शून्य आलेले स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. तेही त्याने मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवले होते. आम्ही नोंदवहीची संख्या आणि यंत्राची संख्या ताडून पाहिली. जमली.

जूनमध्ये निकाल लागला. पुढे नमुना २० आला तेव्हा आम्ही दोघांनी मिळून ती ओळ शोधली. उमेदवारांची मते आणि कोणालाही न दिलेली मते मिळवून जी संख्या आली ती त्यांच्या प्रतीवरच्या संख्येशी तंतोतंत जुळली. दद्दांनी ती बेरीज आमच्याकडून दुसऱ्यांदा करून घेतली, या वेळी खालून वर.

"यात तुमचे मत कोणते, ते मात्र कोणालाच दाखविता येत नाही, दद्दा," आम्ही म्हणालो.

"वो तो हमने सात सेकंड देख लिया था," असे म्हणून त्यांनी कागदाची घडी केली आणि साहेबांची घंटा वाजली म्हणून ते आत गेले.